माहितीचा घन आणि वैद्याची नोंदवही

आयुर्वेदाच्या चिकित्सकाला एकाच वेळी अनेक अंगांनी विचार करण्याची सवय ग्रंथांनीच लावलेली आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय ही दशविध परीक्षा चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितली आहे. एकाच रुग्णाला दहा बाजूंनी पाहावे, असा तिचा आशय. परंतु हाच वैद्य वर्षअखेरीस आपल्या नोंदवहीकडे वळतो, तेव्हा ही सवय बाजूला पडते. वर्षभरात एकूण रुग्ण किती, एकूण विक्री किती आणि गतवर्षापेक्षा वाढ किंवा घट किती, एवढ्यावर विचार थांबतो. औषधालय चालकांचीही स्थिती निराळी नाही.

संगणकशास्त्रात अनेक बाजू असलेल्या माहितीची मांडणी करण्यासाठी 'डेटा क्यूब' नावाची एक कल्पना आहे. आम्ही येथे तिला 'माहितीचा घन' म्हणू. ती मोठ्या कंपन्यांसाठीच आहे, असा समज आढळतो. वस्तुतः ती आपल्या शास्त्राच्या विचारपद्धतीला बरीच जवळची आहे. ती समजून घेतल्यास स्वतःच्याच आकड्यांकडून होणारी फसगत टळते, म्हणून हा लेखनप्रपंच.

घन म्हणजे काय?

नोंदवहीतील एक ओळ पाहू. अमुक दिवशी, दिघीतील, चाळीस वर्षांचा, रात्रपाळीचा एक पुरुष रुग्ण अम्लपित्तासाठी आला आणि त्याला अमुक कल्प सात दिवसांसाठी दिला. या ओळीत दोन प्रकारची माहिती आहे. एक प्रकार मोजण्याचा : एक रुग्णभेट, सात मात्रा, इतके रुपये. यास 'माप' म्हणतात. दुसरा प्रकार ती मोजणी कोणत्या संदर्भातील आहे हे सांगणारा : काल, वस्ती, वय, लिंग, कामाची पाळी, व्याधी. यांना 'मिती' म्हणतात. लांबी, रुंदी व उंची अशा तीन मिती असलेला ठोकळा आपण डोळ्यांपुढे आणू शकतो. सहा मितींचा ठोकळा डोळ्यांपुढे येत नाही, परंतु संगणकाला त्याची अडचण नसते. प्रत्येक मितीतील एकेक मूल्य घेतले की घनातील एक घर निश्चित होते आणि त्या घरात माप बसते.

समजा, आपण चाळीस व्याधी, बारा महिने, पाच वस्त्या, चार वयोगट, दोन लिंगे आणि तीन पाळ्या धरल्या. या घनात ५७,६०० घरे होतात. वर्षभरात सहा हजार रुग्णभेटी झाल्या आणि प्रत्येक भेट वेगळ्या घरात पडली असे मानले, तरी ५१,६०० घरे रिकामीच राहतात. अशा घनाला 'विरळ' म्हणतात. मिती जितक्या वाढवाव्या तितका घन विरळ होत जातो. म्हणून दशविध परीक्षेतील सर्वच बाबी संगणकात भरण्याचा उत्साह आवरून, ज्या मितींविषयी आपण खरोखर प्रश्न विचारणार आहोत, तेवढ्याच घ्याव्यात.

त्रेसष्ट अधिक एक

वरील घनात आपण सहा मिती घेतल्या. त्यांतून बेरजेची किती निरनिराळी कोष्टके निघू शकतील? केवळ व्याधीनुसार, व्याधी व महिन्यानुसार, व्याधी, महिना व वस्तीनुसार, अशी ही यादी वाढत जाते. तिचे उत्तर वैद्यवर्गाला पाठच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात षड्रसांचे भेद मोजले आहेत. एकेकटे रस सहा, दोहोंचे संयोग पंधरा, तिहींचे वीस, चारांचे पंधरा, पाचांचे सहा आणि सहाही रसांचा एक, असे एकूण त्रेसष्ट. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही रसभेदविकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो नेमका त्रेसष्टावा आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या लीलावतीमध्ये संयोगांचे गणित शिकवताना षड्रसांचेच उदाहरण घेतले आहे.

रसांच्या जागी मिती ठेवल्या की तेच त्रेसष्ट भेद मिळतात. त्यांत आणखी एकाची भर पडते. एकही मिती न घेता केलेली बेरीज, म्हणजेच वर्षाचा एकूण आकडा. अशी एकंदर चौसष्ट कोष्टके होतात. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली 'क्यूब' ही क्रिया म्हणजे ही सर्व कोष्टके एकाच आज्ञेने काढण्याची रीत होय. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९३ मध्ये, एडगर कॉड यांनी अशा बहुमितीय विश्लेषणाला 'ओलॅप' हे नाव रूढ केले होते.

सर्वच कोष्टके आधी तयार करून ठेवावीत काय, हा पुढचा प्रश्न. व्यंकी हरिनारायण, आनंद राजारामन आणि जेफ्री उलमन यांनी १९९६ मध्येच त्याचा विचार मांडला. मोजकीच कोष्टके तयार ठेवावीत आणि उरलेली त्यांच्यापासून मागणीनुसार काढावीत, असे त्याचे सार. औषधालयात काही कल्प सिद्ध ठेवून बाकीचे योग रुग्ण पाहून तयार करण्याची आपली रीत याहून फार वेगळी नाही.

प्रश्न कसा विचारावा?

घनाला विचारलेल्या प्रश्नात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. कोणते माप हवे? ओळींवर कोणती मिती मांडावी? स्तंभांवर कोणती? कोणती मिती एकाच मूल्यावर स्थिर ठेवावी? आणि प्रत्येक मितीची कोणती पायरी धरावी? १९९७-९८ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या 'एमडीएक्स' या प्रश्नभाषेची रचनाही अशीच आहे : स्तंभांवर हे, ओळींवर ते, अमुक घनातून, अमुक अटीवर. उदाहरणार्थ, 'स्तंभांवर पाळ्या, ओळींवर महिने, माप रुग्णभेटी, अट व्याधी अम्लपित्त.' संगणकावरील साध्या तक्त्यात असलेली 'पिव्हट टेबल' ही सोय घरगुती घनच आहे. तिच्यात ओळी, स्तंभ, मूल्य व गाळणी अशा चार चौकटी असतात, आणि त्या भरणे म्हणजेच प्रश्न विचारणे.

घनावरील नित्याच्या क्रियाही थोडक्या आहेत. एक मिती एका मूल्यावर स्थिर केली की घनाचा 'काप' मिळतो. अनेक मितींवर मर्यादा घातली की लहान घन हाती येतो. दिवसावरून महिन्यावर आणि महिन्यावरून वर्षावर जाणे म्हणजे वर चढणे, यास 'रोल-अप' म्हणतात. उलट दिशेने जाणे म्हणजे खाली उतरणे, म्हणजेच 'ड्रिल-डाउन'. ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केली की तोच घन निराळ्या बाजूने दिसतो.

यापुढील मुद्दा या लेखाचा गाभा आहे. ज्या मितीचा आपण प्रश्नात उल्लेख करीत नाही, ती नाहीशी होत नाही. तिच्यातील सर्व मूल्यांची बेरीज होते. ग्रे यांच्या मांडणीत अशा जागी 'सर्व' असे मूल्य लिहिण्याची योजना आहे. 'जून महिन्यात दोनशे रुग्ण' या वाक्याचा पूर्ण अर्थ 'जून महिन्यात सर्व व्याधींचे, सर्व वस्त्यांतील, सर्व वयांचे, दोन्ही लिंगांचे, सर्व पाळ्यांचे मिळून दोनशे रुग्ण' असा होतो. हे न उच्चारलेले 'सर्व' ज्याला दिसते, त्याला कोष्टक वाचता येते.

बेरीज लपवते ते

याचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. अम्लपित्ताच्या शंभर रुग्णांना पहिला कल्प दिला व शंभरांना दुसरा. पहिल्याने ५८ जणांना उपशय मिळाला, दुसऱ्याने ७२ जणांना. निष्कर्ष उघड वाटतो : दुसरा कल्प श्रेष्ठ. आता पाळीच्या मितीवर खाली उतरू. दिवसपाळीच्या रुग्णांत पहिला कल्प २० जणांना दिला, १८ जणांना उपशय, म्हणजे ९० टक्के. दुसरा ८० जणांना दिला, ६४ जणांना उपशय, म्हणजे ८० टक्के. रात्रपाळीच्या रुग्णांत पहिला ८० जणांना दिला, ४० जणांना उपशय, म्हणजे ५० टक्के. दुसरा २० जणांना दिला, ८ जणांना उपशय, म्हणजे ४० टक्के. दोन्ही पाळ्यांत पहिलाच कल्प सरस आहे. तो बहुतांशी रात्रपाळीच्या, म्हणजे निद्रा व भोजन यांचा काल बिघडलेल्या रुग्णांना दिला गेला, म्हणून बेरजेत हीन ठरला. संख्याशास्त्रात यास 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात.

भोसरी, मोशी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात काम करणारे रुग्ण ज्यांच्याकडे येतात, त्यांना हे उदाहरण दूरचे वाटू नये. रात्रौ जागरण आणि अवेळी भोजन हे हेतू आपण निदानात विचारतो. मात्र नोंदवहीत 'पाळी' असा रकाना नसतो. जी मिती नोंदलीच नाही, तिच्यावर पुढे कितीही शक्तिमान संगणक आणला तरी खाली उतरता येत नाही. त्या नोंदवहीतील प्रत्येक आकड्यात 'सर्व पाळ्या' कायमच्या मिसळून गेलेल्या असतात.

कालाच्या दोन शिड्या

मितीला पायऱ्या असतात. कालाच्या मितीत दिवस, महिना, तिमाही, वर्ष ही एक शिडी झाली. आपल्याकडे दुसरीही आहे : तिथी, मास, ऋतू, अयन, संवत्सर. शोधनाच्या विचारात तर शिशिर वगळून प्रावृट् धरणारी ऋतूंची आणखी एक गणना आहे. घनात एकाच मितीवर अशा अनेक शिड्या ठेवता येतात. मात्र दिवसाची नोंद असेल तरच त्या लागू होतात. ज्याने केवळ इंग्रजी महिन्याची बेरीज लिहून ठेवली, त्याला तिच्यातून ऋतू काढता येत नाही.

दिघीकरांना याचे प्रत्यंतर दरवर्षी येते. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवणारी श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी दिघी, कळस, विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात येते. हा दिवस २०२३ मध्ये १२ जून, २०२४ मध्ये ३० जून आणि २०२५ मध्ये २० जून असा होता. या मार्गावरील औषधालयाने जूनच्या पहिल्या पंधरवड्याची तीन वर्षांची तुलना केल्यास, अभ्यंगाच्या तेलांची मागणी २०२४ मध्ये एकाएकी घटली असे दिसू शकेल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ज्येष्ठ वद्य अष्टमी जुलैत जाते, म्हणजे संपूर्ण जून महिन्याची तुलनाही निरुपयोगी. मागणी घटलेली नसते, तिथी सरकलेली असते. कालाच्या मितीवर पंचांगाची शिडी ठेवली की हा भ्रम राहत नाही.

देशाची मितीही स्थिर नसते

दिघी हे हवेली तालुक्यातील गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याआधीच्या आकड्यांत दिघी 'ग्रामीण' या पायरीखाली येते, नंतर 'नागरी' या पायरीखाली. महापालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. प्रभागांचीही तीच कथा. महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत ६४ प्रभाग होते, २०१७ मध्ये ३२ झाले. ज्याने रुग्णाचा पत्ता केवळ प्रभाग क्रमांकाने लिहिला, त्याच्या दोन काळांतील आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. जिल्ह्याच्या पायरीवरही हेच घडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर 'ठाणे जिल्ह्यातील विक्री' या शब्दांचा अर्थच पालटला.

उपाय सोपा आहे. जी सहसा बदलत नाही अशी लहान पायरी, म्हणजे गाव, वाडी किंवा वसाहत नोंदवावी. प्रभाग, तालुका व जिल्हा या वरच्या पायऱ्या कोणत्या दिनांकापासून लागू आहेत, हे वेगळ्या यादीत ठेवावे.

सर्वच मापांची बेरीज होत नाही

औषधालय चालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. विकलेल्या बाटल्यांची बेरीज प्रत्येक मितीवर करता येते. शिल्लक साठ्याची तशी करता येत नाही. एखाद्या आसवाच्या मार्चअखेर ३०, एप्रिलअखेर २५ आणि मेअखेर ४० बाटल्या शिल्लक असतील, तर तिमाहीची शिल्लक ९५ नव्हे, ४० आहे. शाखांवरून शिलकेची बेरीज चालते, कालावरून चालत नाही. सरासरीचेही तसेच. एका शाखेत १० रुग्णांचे सरासरी देयक २०० रुपये आणि दुसऱ्या शाखेत ९० रुग्णांचे १०० रुपये असल्यास, दोन्ही मिळून सरासरी १५० नसून ११० रुपये आहे. रुग्णसंख्येबाबतही सावध असावे. तीन महिने सलग येणारा रुग्ण प्रत्येक महिन्याच्या आकड्यात एकदा मोजला जातो. महिन्यांची बेरीज केली की एका रुग्णाचे तीन होतात. भेटी मोजायच्या की माणसे, हे आधी ठरवावे.

या चुकांची किंमत खरेदीत मोजावी लागते. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटी व अवलेह यांचे वर्षाने क्षीण होते असे सांगितले आहे, तर आसव, धातू व रस जुने झाल्यास गुणवान मानले आहेत. म्हणजे साठ्याच्या घनात 'कल्पना' ही मिती हवीच. चूर्ण आणि आसव यांची एकत्र शिल्लक पाहून केलेली मागणी शास्त्रालाही धरून नाही व व्यवहारालाही.

व्याधीचे नाव एक असावे

घन कितीही उत्तम असला तरी मितीतील नावे एकसारखी नसतील तर तो निरर्थक ठरतो. एकाच नोंदवहीत अम्लपित्त, आम्लपित्त, 'अ. पि.' आणि ॲसिडिटी असे चार प्रकारे लिहिलेले असेल, तर संगणक चार व्याधी मानतो. 'संधिवात' या बोलीतील शब्दाखाली आमवात आणि संधिगतवात हे दोन्ही लिहिले जातात, हा दोष अधिक गंभीर आहे. एकात आमाची चिकित्सा आधी, दुसऱ्यात स्नेहन प्रधान. अशी मिसळलेली नोंद पाहून तेलाची मागणी ठरवणे किंवा एखाद्या कल्पाची परिणामकारकता सांगणे उचित नाही.

या कामी आता साधने उपलब्ध आहेत. आयुष मंत्रालयाने २०१७ साली 'नमस्ते' या प्रमाणित संज्ञांच्या संकेतस्थळाचा आरंभ केला. त्यात आयुर्वेदोक्त व्याधींना संकेतांक दिलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधिवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या सव्विसाव्या प्रकरणात पारंपरिक वैद्यकाला स्थान आहे. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे त्या प्रकरणाच्या दुसऱ्या विभागाचे प्रकाशन झाले. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञा त्यात आहेत. आपल्या नोंदीत व्याधीच्या नावाशेजारी संकेतांक लिहिला, तर दिघीच्या चिकित्सालयाची व दुसऱ्या प्रांतातील रुग्णालयाची नोंद एकाच घनात बसू शकते.

एकट्याचे घर

शेवटी एक कर्तव्य. मिती वाढवत खाली उतरत गेले की अशी घरे लागतात ज्यांत एकच रुग्ण असतो. अमुक वसाहत, अमुक वयोगट, स्त्री, अमुक व्याधी : एक. नाव लिहिलेले नसले तरी त्या वसाहतीत ती व्यक्ती कोण, हे सहज कळते. सभेत, व्याख्यानात किंवा औषध कंपनीच्या प्रतिनिधीला कोष्टक दाखवताना हे ध्यानात ठेवावे. लहान आकड्यांची घरे झाकावीत किंवा वरच्या पायरीवर जाऊन मोठी करावीत. झाकतानाही एकच घर झाकून भागत नाही. एकूण बारा दिले आणि इतर घरांत अकरा दाखवले, तर झाकलेला एक वजाबाकीने उघड होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या विषयाला आता कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. रुग्णाचे गुह्य राखणे हा वैद्याचा धर्म तर त्याहून पुष्कळ जुना आहे.

आरंभ कोठून करावा?

महागडी संगणकप्रणाली घेण्याची निकड नाही. एका रुग्णभेटीस एक ओळ, एका रकान्यात एकच बाब, असा साधा तक्ता पुरेसा आहे. दिनांक पूर्ण लिहावा. वस्ती, वय, लिंग, व्यवसाय व पाळी, व्याधी व तिचा संकेतांक, कल्प, मात्रा आणि पुढील भेटीतील उपशय-अनुपशय एवढे रकाने ठेवावेत. रुग्णाला एक क्रमांक द्यावा आणि नावांची यादी वेगळी ठेवावी. बेरजा लिहून मूळ ओळी टाकून देऊ नयेत. ओळींतून बेरीज केव्हाही काढता येते, बेरजेतून ओळी कधीही परत मिळत नाहीत.

असा तक्ता वर्षभर ठेवल्यावर सदस्यांनी त्याला पहिला प्रश्न 'एकूण किती?' असा विचारू नये. व्याधी ओळींवर आणि पाळी स्तंभांवर मांडावी, कालाची पायरी ऋतू धरावी आणि प्रत्येक आकड्याशेजारी मनात म्हणावे, 'आणि उरलेल्या मितींत सर्व.' ज्या ठिकाणी ते 'सर्व' खटकेल, त्या ठिकाणी एक पायरी खाली उतरावे. पुढील वर्षाच्या खरेदीचा आणि चिकित्सेच्या फेरविचाराचा आरंभ तेथूनच करावा.